योगक्षेमाचा भार देवावर

रेव्हरंड नारायण वामन टिळक यांच्या संसाराची कथा

आज नाताळ. धानाचे पुंजणे खळ्यावर उभे आहेत, कुठे मळणी आटोपून दाणा कोठीत पडला आहे, आणि वर्षभराच्या पोटाचा प्रश्न मिटला की नाही याचा हिशेब घरोघरी मनातल्या मनात चालू आहे. अशा दिवसांत भंडाऱ्यातील आपले ख्रिस्ती शेजारी प्रभू येशूचा जन्मोत्सव साजरा करतात. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात स्कॉटलंडच्या मिशनऱ्यांनी या शहरात कार्य आरंभिले, तेव्हापासून हा सण आपल्या गावाला परका राहिलेला नाही. प्रार्थनामंदिरावरून जाताना कानी पडणारी गीते ऐकून मात्र पुष्कळांना नवल वाटते. चाल अभंगाची, शब्द शुद्ध मराठी, भाव वारकऱ्याचा आणि नाव ख्रिस्ताचे! ही गीते रचणारा पुरुष कोण, असे विचारले तर बहुतेक वेळा उत्तर एकच येते. ते म्हणजे रेव्हरंड नारायण वामन टिळक.

'फुलामुलांचे कवी' म्हणून टिळकांची ओळख आपल्याला शाळेच्या क्रमिक पुस्तकांतून झालेली असते. त्यांच्या धर्मांतराचीही वार्ता पुष्कळांना ठाऊक असते. तथापि ज्या एका श्रद्धेवर त्यांचे उत्तरायुष्य उभे होते, ती त्यांच्या स्वयंपाकघरात, वाणसामानात, पत्नीच्या डोळ्यांतील पाण्यात कशी उतरली, हे फारसे सांगितले जात नाही. देव पिता आहे, तो आपल्या लेकरांच्या पोटाची चिंता वाहतो, अशी ती श्रद्धा होती. मानायला सोपी आणि जगायला महाकठीण! आजच्या सणाच्या निमित्ताने तिचीच कथा सांगावयाची आहे. तिचा आरंभ ज्या प्रवासात झाला, तो प्रवास आपल्याच जिल्ह्यातून झाला होता.

आगगाडीतील भेट

इ. स. १८९३ ची गोष्ट. नागपूरहून राजनांदगावला जाणारी आगगाडी त्या काळी नवलाईची होती. नागपूर–छत्तीसगड रेल्वेचा हा सुमारे दीडशे मैलांचा फाटा १८८२ च्या सुमारास पुरा झाला आणि पुढे बंगाल–नागपूर रेल्वे कंपनीने तो आपल्याकडे घेऊन रुंद केला. कामठी सोडून कन्हान ओलांडली की गाडी भंडारा रोडला, म्हणजे आपल्या वरठीला येई. तेथून तुमसर रोड, मग वैनगंगेचा पूल, पुढे तिरोडा, गोंदिया, आमगाव, सालेकसा. गोंदिया त्या वेळी भंडारा जिल्ह्यातच होते. वेगळा जिल्हा झाला तो १९९९ साली. जंगलातून वाट काढीत गाडी डोंगरगडाच्या पायथ्याशी जाई आणि तेथून राजनांदगाव.

या गाडीत बत्तिशीच्या आत-बाहेरचा एक तरुण मराठी पंडित बसला होता. राजनांदगाव संस्थानात नोकरीची आशा होती, म्हणून तो निघाला होता. (हे संस्थान मोठे मौजेचे. तेथील राजघराणे मूळचे बैरागी महंतांचे; वैराग्य आणि राज्य दोन्ही एकाच गादीवर!) डब्यात एक युरोपियन गृहस्थ होते. दोघांचे बोलणे सुरू झाले ते संस्कृत काव्यावरून. गोऱ्या माणसाच्या वागण्यातील मार्दव पाहून टिळक प्रसन्न झाले. बोलता बोलता विषय धर्माकडे वळला. त्या गृहस्थांनी त्यांच्या हाती ख्रिस्ती धर्मग्रंथाची एक प्रत ठेवली, ती वाचण्याचे वचन घेतले, आणि दोन वर्षांच्या आत आपण ख्रिस्ताचे अनुयायी व्हाल असे भाकीतही करून टाकले. टिळकांना त्या वेळी ते भाकीत हास्यास्पद वाटले असले तर त्यात नवल नाही. परंतु दिलेले वचन त्यांनी पाळले.

वैनगंगेच्या पुलावरून गाडी गेली तेव्हा ते पुस्तक त्यांच्या हाती आले होते की नव्हते, कोण जाणे! परंतु एवढे खरे, की आपल्या धानशेतांच्या कडेने त्या दिवशी जो माणूस गेला तो पुन्हा तसाच परतला नाही.

आधीची वणवण

टिळकांचा जन्म ६ डिसेंबर १८६१ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथे झाला. घराणे चित्पावन ब्राह्मणांचे. वडील वामनराव सरकारी नोकर, वृत्तीने कडक. आई जानकीबाई मात्र सात्त्विक, काव्याची आवड असलेली. मुलाच्या अंगी जे काही हळवे होते ते आईकडून आले. ही आई तो लहान असतानाच निवर्तली आणि घर त्याला कायमचे पारखे झाले. नाशिकास येऊन त्याने गणेशशास्त्री लेले यांच्याकडे संस्कृतचे अध्ययन केले. इंग्रजी शिकला ते थोडेच, पण स्वतःच्या हिमतीवर. पुढे पोटासाठी मास्तरकी, पुराणे, कीर्तने, व्याख्याने, लेखन असे नाना उद्योग झाले. एका गावी बिऱ्हाड थाटावे, सहा महिन्यांत मोडावे, दुसऱ्या गावी जावे, असा क्रम वर्षानुवर्षे चालला.

१८८० च्या सुमारास त्यांचे लग्न झाले. वधू नाशिकजवळच्या जलालपूरच्या गोखल्यांची मनकर्णिका, वय अकरा-बारा. तीच पुढे लक्ष्मीबाई टिळक म्हणून महाराष्ट्राला वंद्य झाली. लग्नानंतर या मुलीने जे पाहिले ते म्हणजे नवऱ्याचे घरातून नाहीसे होणे. टिळकांच्या मनात एखादी लहर आली की ते निघत, आणि केव्हा परततील याचा नेम नसे. नागपूरला आप्पासाहेब बुटी यांच्या उदार आश्रयाखाली काही काळ बरा गेला. तेथे संस्कृत ग्रंथांचे काम मिळाले, 'ऋषी' नावाचे धार्मिक मासिकही त्यांनी चालविले. परंतु मन स्वस्थ नव्हते. देव आहे का, असला तर तो माणसाशी कोणत्या नात्याने वागतो, समाजातील उच्चनीच भेद त्याला मान्य असतील का, हे प्रश्न त्यांना झोपू देत नसत. १८९१ साली मुलगा दत्तू जन्मला. संसाराची जबाबदारी वाढली, आणि त्याच सुमारास बापाचे मन संसारातून अधिकच उडाले.

पाखरे आणि फुले

राजनांदगावी टिळक तो ग्रंथ वाचू लागले. वाचता वाचता मत्तयाच्या शुभवर्तमानातील डोंगरावरील प्रवचनापाशी ते आले आणि तेथेच थबकले. त्या प्रवचनातील एक भाग आपणही ध्यानात घेण्यासारखा आहे. आकाशातील पाखरांकडे पाहा, ती पेरीत नाहीत, कोठारे भरीत नाहीत, तरी त्यांचा सांभाळ होतो. रानातील फुलांकडे पाहा, ती सूत कातीत नाहीत, तरी राजालाही लाजवील असे वस्त्र ती ल्यालेली असतात. तेव्हा उद्याच्या अन्नवस्त्राची चिंता करू नका, असा त्याचा आशय आहे. पाखरे आणि फुले! ज्या कवीचे अवघे काव्य पुढे याच दोन विषयांनी बहरले, त्याच्या हृदयाला हा उपदेश कसा भिडला असेल याची कल्पना करावी.

भाविक हिंदू वाचकाला यात काही अपूर्व आहे असे वाटणार नाही. अनन्य भक्ताचा योगक्षेम मी वाहतो, असे भगवंतांनी गीतेच्या नवव्या अध्यायात सांगितलेलेच आहे. मग टिळकांना नवे काय सापडले? आपल्या समजुतीप्रमाणे ते असे. आपल्याकडे पोटापाण्याचा विचार निघाला की माणूस चटकन प्रारब्धाकडे बोट दाखवितो. कर्माचा जमाखर्च आहे, तो आपल्या नियमाने चालेल, असे म्हणून गप्प बसतो. टिळकांना तेथे जमाखर्च नव्हे, बाप भेटला. बाप म्हटला की हक्काने मागता येते, रुसता येते, आणि त्याने नाही म्हटले तरी नाते तुटत नाही. ख्रिस्ती माणसाच्या नित्य प्रार्थनेत आजच्या दिवसापुरत्याच भाकरीची मागणी असते, उद्याची किंवा वर्षाची नसते. ही एका दिवसाची मर्यादा टिळकांनी अक्षरशः घेतली. पुढे तर त्यांना ख्रिस्तामध्ये बापाबरोबर आईही दिसू लागली. गुरुमाउली म्हणून त्यांनी त्याला आळविले. ज्ञानोबा-तुकोबांची माउली हे नाव ख्रिस्ताला देणारा कवी वारकऱ्यांच्याच कुळातला म्हणावा लागेल. स्वतः टिळकही आपण तुकोबांच्या मार्गानेच ख्रिस्तापर्यंत पोहोचलो असे मानीत.

येथे एक गोष्ट विसरता कामा नये. पाखरांच्या योगक्षेमाची ही श्रद्धा भाबडी नव्हती. पिलांसाठी चारा घेऊन येणारी पक्षीण पारध्याच्या हातून घायाळ होते आणि घरट्यापाशी येऊन प्राण सोडते, ती कविता टिळकांचीच. 'केवढे हे क्रौर्य!' हे तिचे नाव शाळकरी मुलांनाही पाठ असे. पाखरांची काळजी देव घेतो हे ज्याने मानले, त्याने पाखरू मरतानाही पाहिले होते. ख्रिस्ताच्या उपदेशातही चिमणी कधी खाली पडत नाही असे कोठे म्हटलेले नाही. ती पडते तेव्हा पित्याला ते ठाऊक असते, एवढेच म्हटले आहे. या दोहोंतील अंतर टिळकांच्या घराने फार मोठी किंमत देऊन ओळखले.

एकाची श्रद्धा, दुसरीचा वनवास

१० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईस भायखळ्याच्या अमेरिकन मराठी मिशनच्या मंदिरात टिळकांनी बाप्तिस्मा घेतला. तो गोऱ्या मिशनऱ्याच्या हातून न घेता भारतीय धर्मगुरूच्या हातून घ्यावयाचा, असा त्यांचा आग्रह होता. ते धर्मगुरू रेव्हरंड तुकाराम नथोजी. नावाचा हा योगायोग कोणाही मराठी माणसाला हसवील आणि विचारातही पाडील. आगगाडीतील त्या गृहस्थांचे दोन वर्षांचे भाकीत खरे ठरले होते.

त्यांनी धर्म बदलला हे योग्य की अयोग्य, या वादात शिरण्याचे आज प्रयोजन नाही. तो वाद त्या काळी हिरीरीने झाला आणि त्याच्या झळा कित्येक वर्षे जाणवत राहिल्या. आपल्याला पाहावयाचे आहे ते एवढेच की त्या दिवशी टिळकांनी काय सोडले. जात गेली, आप्त गेले, चालता आश्रय गेला, नाव गेले. परंतु ही सारी त्यांची स्वतःची हानी होती, आणि ती त्यांनी जाणूनबुजून पत्करलेली होती. लक्ष्मीबाईंनी काय पत्करले होते? त्यांना तर कोणी विचारलेही नव्हते. सत्तावीस वर्षांची बाई, पदरी चार वर्षांचा मुलगा, नवरा जिवंत असून नसल्यासारखा. सौभाग्यवती म्हणावे की काय म्हणावे, हे समाजालाही कळेना. सोवळ्याओवळ्याच्या अतिरेकात ज्यांचे बालपण गेले, त्या बाईवर हा प्रसंग म्हणजे वज्राघातच होता.

त्यानंतरची चार-पाच वर्षे लक्ष्मीबाईंनी नातलगांच्या आधाराने काढली. त्यांतील काही काळ त्या पंढरपुरास होत्या. पांडुरंगाच्या दारी, चंद्रभागेच्या काठी, एक परित्यक्ता आपल्या लेकराला घेऊन दिवस कंठीत आहे, आणि तिकडे अहमदनगरास तिचा पती देवाच्या पितृत्वावर प्रवचने करीत आहे, हे चित्र मनाला चटका लावते. टिळकांच्या श्रद्धेचा कितीही गौरव केला तरी या चित्राकडे पाठ फिरविता येत नाही. देव माझी चिंता वाहील, असे म्हणण्याचा अधिकार प्रत्येकाला आहे. परंतु माझ्या बायकामुलांचीही तोच वाहील असे म्हणून निघून जाणे, ही श्रद्धा म्हणावी की आणखी काही? आमच्या मते टिळक येथे चुकले. त्यांच्या हृदयात पत्नीविषयी माया होती, पत्रे जात होती, कवितेतून आळवणी चालू होती, हे सारे खरे. पण ती एकटी पडली हेही तितकेच खरे.

कालांतराने लक्ष्मीबाई नगरकडे पतीजवळ आल्या. आल्या त्या स्वतःचा धर्म सांभाळून, स्वतःचे पाणी आणि स्वयंपाक निराळा ठेवून. टिळकांनी सक्ती केली नाही. पुढे केव्हा तरी, माणसे देवाने केली आणि जाती माणसांनी केल्या, हा विचार त्यांच्या मनात आपला आपणच उदय पावला आणि सोवळ्याची गाठ सुटली. १९०० साली त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. पतीच्या मागोमाग त्या फरफटत गेल्या असे कोणी समजू नये. त्या पाच वर्षे थांबल्या, पारखून घेतले, मग पाऊल टाकले.

रोजची भाकरी

येथून जो संसार सुरू झाला त्याची हकीकत लक्ष्मीबाईंनी आपल्या 'स्मृतिचित्रे' या आत्मचरित्रात लिहून ठेवली आहे. मराठी वाङ्मयातील ते अलौकिक पुस्तक ज्यांनी वाचले नसेल त्यांनी अवश्य वाचावे. दुःख हसत सांगण्याची अशी हातोटी दुसरीकडे सापडणे अवघड.

मिशनकडून मिळणारे वेतन बेताचे. टिळकांचा हात सढळ. पैसा खिशात आला की तो रस्त्यात भेटणाऱ्या गरजवंताचा झाला असे समजावे. पाहुणा घरी आणावयाचा तर घरात पीठ आहे की नाही हे आधी विचारण्याची रीत नव्हती. कोणी निराधार मुलगा, कोणी शिकू इच्छिणारा विद्यार्थी, कोणी घरातून हाकललेला तरुण, सारे त्या घरात येत आणि घरचेच होऊन जात. १८९६–९७ आणि १८९९–१९०० च्या दुष्काळांनी महाराष्ट्र आणि आपला मध्यप्रांत दोन्ही होरपळून निघाले होते. अनाथ लेकरांची वाण नव्हती. पाठोपाठ प्लेग आला. त्या दिवसांत अनाथ आणि आजारी मुलींच्या उशाशी लक्ष्मीबाई बसल्या. दाराशी आलेल्याला देवाने पाठविले आहे, तेव्हा त्याचे अन्नही तोच पाठवील, हा टिळकांचा सिद्धान्त. त्या अन्नाची सोय प्रत्यक्षात लावावयाची ती लक्ष्मीबाईंनी!

तुकोबांच्या घरीही हेच नव्हते का? १६३० च्या दुष्काळाने घर उद्ध्वस्त झाले, पहिली पत्नी अन्नावाचून गेली, आणि त्यानंतर तुकोबांनी सावकारीची खते इंद्रायणीत बुडविली, असे परंपरा सांगते. मग जिजाईने काय करावे? डोंगरावर भाकरी घेऊन जावे, विठोबाला शिव्या द्याव्यात आणि पुन्हा चूल पेटवावी. कीर्तनकारांनी जिजाईला कजाग ठरविले. परंतु भंडारा डोंगरावरची (हा भंडारा देहूजवळचा, आपला नव्हे) ती रोजची भाकरी ज्या हातांनी पोहोचविली, त्या हातांतून पांडुरंगच योगक्षेम वाहत होता, असे म्हटले तर तुकोबा रागावणार नाहीत. टिळकांचे तसेच. देव पुरवितो हे ते सांगत आणि तो कोणाच्या हातून पुरवितो हे त्यांना घरी आल्यावर दिसे. ते त्यांना मुळीच दिसत नव्हते असेही नाही. भांडण होई, टिळकांचा राग क्षणात चढे आणि क्षणात उतरे, आणि लहान मुलासारखे ते पत्नीच्या पुढ्यात येऊन बसत.

याच काळात पुण्याजवळ केडगावी दुसरी एक मराठी बाई याच श्रद्धेवर शेकडो जणींचे घर चालवीत होती. पंडिता रमाबाईंची ओळख करून देण्याची गरज नाही. १८९६–९७ च्या दुष्काळात त्या आपल्या मध्यप्रांतात स्वतः आल्या आणि उपासमारीत सापडलेल्या विधवा-मुलींना घेऊन गेल्या. त्यातून 'मुक्ती' हे सदन उभे राहिले. इंग्लंडातील ब्रिस्टल शहरी जॉर्ज म्युलर नावाच्या सत्पुरुषाने कोणापुढेही हात न पसरता, केवळ प्रार्थनेच्या बळावर, हजारो अनाथ मुले वाढविली होती. त्यांचे चरित्र रमाबाईंनी वाचले होते. केडगावीही नेमाची प्राप्ती नव्हती, प्रार्थना होती. परंतु रमाबाईंनी प्रार्थनेबरोबर विहिरी खोदल्या, शेती केली, माग बसविले, छापखाना घातला. टिळकांना हे व्यवस्थेचे अंग नव्हते. ते कवी होते. रमाबाईंच्या ठायी जे एकाच व्यक्तीत होते, त्यासाठी टिळकांच्या घरात दोन माणसे लागली.

त्या घराने महाराष्ट्राला दिलेली एक देणगी तर विसरताच येणार नाही. १९०७ साली जळगावच्या कविसंमेलनात एक कोवळा मुलगा टिळकांच्या दृष्टीस पडला. त्र्यंबक बापूजी ठोमरे. हाच आपला बालकवी. टिळकांनी त्याला पुढे नगरला आपल्या घरी ठेवून घेतले, लक्ष्मीबाईंनी त्याला आईची माया दिली. धर्म बदलण्याची गोष्ट त्याच्याजवळ कोणी काढली नाही. ५ मे १९१८ रोजी भादली स्थानकाजवळ आगगाडीखाली त्याचा अंत झाला. वय अठ्ठावीस पुरे नव्हते. ज्या माणसाला आगगाडीत देव भेटला, त्याच्या मानसपुत्राला आगगाडीने नेले. चिमणी पडते, हे पुन्हा एकदा दिसून आले.

देवाचा दरबार

१९०४ साली टिळकांना धर्मगुरूची दीक्षा मिळाली होती. नगरच्या धर्मशिक्षणाच्या विद्यालयात ते शिकवीत. १९१२ पासून 'ज्ञानोदया'च्या मराठी भागाचे संपादनही त्यांच्याकडे आले. शंभराहून अधिक उपासनागीते त्यांच्या लेखणीतून उतरली. विलायती चालींवर, विलायती वळणाचे मराठी गाण्याची जी पद्धत प्रार्थनामंदिरांत पडली होती ती मोडून त्यांनी तेथे टाळ, मृदंग आणि कीर्तन आणले. ख्रिस्त हा पूर्वेचा, त्याला बूटपाटलोण घालून का आणता, असा त्यांचा रोख असे.

मान होता, काम होते, थोडे का होईना पण ठरलेले वेतन होते. वय पंचावन्नच्या पुढे गेले होते. सामान्य माणूस या वयात पेन्शनीचा विचार करतो. टिळकांनी १९१७ साली मिशनच्या नोकरीचा त्याग केला आणि संन्यस्त वृत्तीने साताऱ्यास जाऊन राहिले. पगारी उपदेशकाच्या तोंडून देवाच्या योगक्षेमाची कथा लोकांना खरी वाटत नाही, ही खंत त्यांना फार दिवसांची होती. साताऱ्यास त्यांनी 'देवाचा दरबार' मांडला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, जे कोणी ख्रिस्ताला गुरू मानतील ते सारे त्यात बंधू म्हणून बसावेत, अशी ती कल्पना. दरबाराला इमारत नव्हती, निधी नव्हता, वर्गणी नव्हती.

आणि लक्ष्मीबाई? या वेळी त्या मागे राहिल्या नाहीत. १८९५ साली नवरा न सांगता गेला होता. १९१७ साली त्या साताऱ्याच्या बिऱ्हाडात होत्या. पुढे काय खावयाचे हा प्रश्न त्यांना पडला नसेल असे नाही. तो त्यांना नेहमीच पडे, आणि तो पडे म्हणूनच ते घर चाले. पण दोन तपांच्या त्या संसारात त्यांनीही एक गोष्ट अनुभवली होती. चूल कधी विझेल असे वाटले, तरी कायमची विझली नव्हती. कोठून तरी कोणी तरी येई. कधी ऋण काढावे लागे, कधी अपमान गिळावा लागे, पण दिवस मावळेपर्यंत त्या दिवसाचे भागे. पतीची श्रद्धा त्यांनी जशीच्या तशी कधी उचलली नाही. त्यांनी ती चुलीवर ठेवून पाहिली आणि जेवढी उरली तेवढी आपली मानली.

दरबार फार दिवस चालावयाचा नव्हता. टिळकांची प्रकृती ढासळली. उपचारांसाठी त्यांना मुंबईस नेण्यात आले आणि ९ मे १९१९ रोजी जे. जे. रुग्णालयात त्यांनी देह ठेवला. आपला देह पुरू नये, भारतीय रीतीप्रमाणे अग्नीला द्यावा, अशी त्यांची इच्छा होती. तिला मान देण्यात आला. धनसंपत्ती म्हणावी असे मागे काही नव्हते. होते ते कागद. त्यांत 'ख्रिस्तायन' नावाचे एक महाकाव्य होते. रामायणाच्या धर्तीवर ख्रिस्ताचे चरित्र ओवीबद्ध करावयाचे, असा त्यांचा १९०९ पासूनचा संकल्प. झाले होते ते जेमतेम दहा-अकरा अध्याय.

लक्ष्मीबाईंना लग्नापूर्वी शाळा माहीत नव्हती. अक्षरओळख झाली ती टिळकांच्या घरी, तीही चुलीपुढून उठून सवड सापडेल तशी. आता वैधव्य आले होते, हाताशी पैसा नव्हता, मुलीच्या नोकरीमुळे कराचीसारख्या दूरच्या शहरीही जाऊन राहावे लागले. त्या स्थितीत त्यांनी पतीचे अपुरे महाकाव्य हाती घेतले. एक अध्याय, मग दुसरा, असे करीत त्यांनी चौसष्ट अध्याय लिहिले आणि ग्रंथ पुरा केला. २४ फेब्रुवारी १९३६ रोजी नाशिक येथे त्यांचे देहावसान झाले. 'ख्रिस्तायन' छापून आले ते त्यानंतर दोन वर्षांनी.